आधी देवाजवळ, मग माणसांत: ख्रिस्ती धर्मात सेवेआधी प्रार्थनेला एवढं महत्त्व का?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने भरपूर आहेत. अशा कारखान्यात नवा कामगार लागला की सेफ्टीच्या वर्गात त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. टाकीत उतरलेला सहकारी बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. आधी ओरडून इतरांना बोलवायचं, अलार्म द्यायचा. ज्याला प्रशिक्षण आहे त्यानेच श्वसनयंत्र चढवून, दोर बांधून आत उतरायचं.

पहिल्यांदा ऐकताना हे निर्दय वाटतं. समोर माणूस पडलाय आणि आपण मास्क शोधत बसायचं? पण जगभरातल्या अशा अपघातांत एक गोष्ट सारखी दिसते. आत पडलेल्या पहिल्या माणसाबरोबर त्याला वाचवायला धावलेला दुसरा, कधी तिसराही दगावतो. त्यांची माया खरी असते, धाडसही खरं असतं. पण आत गेल्यावर त्यांच्याही छातीत टाकीतलीच हवा जाते.

ख्रिस्ती परंपरा सेवेबद्दल काहीसं असंच बोलते. दुसऱ्याच्या दुःखात उतरण्याआधी आपला श्वास कुठून येतो ते पाहा, असं तिचं सांगणं आहे. हा श्वास म्हणजे देवाशी असलेलं नातं.

बाहेरून पाहणाऱ्याला हे जरा अनपेक्षित वाटेल. ख्रिस्ती म्हटलं की आपल्याकडे आधी शाळा, दवाखाने, अनाथाश्रम आणि कुष्ठरोग्यांची सेवा आठवते. मग ज्या धर्माची ओळखच सेवेने झाली, तो धर्म आधी शांत बसायला का सांगतो? आणि ही कामातून सुटण्याची पळवाट तर नाही ना?

येशूने आधी काय केलं?

सुरुवात बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपासून करावी लागते. लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूने जाहीर काम सुरू केलं तेव्हा त्याचं वय सुमारे 30 होतं. त्याआधीची वर्षं नाझरेथ या लहानशा गावात गेली. बाप्तिस्मा झाल्यावरही तो थेट लोकांत गेला नाही. आधी 40 दिवस रानात, उपवासात आणि एकांतात राहिला.

मार्कच्या पहिल्याच अध्यायात आणखी एक प्रसंग येतो. कफर्णहूम गावात संध्याकाळी आजाऱ्यांची गर्दी दारात लोटते आणि येशू अनेकांना बरं करतो. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच तो उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो. शिष्य त्याला शोधत येतात आणि सगळे तुमची वाट पाहताहेत असं सांगतात. येशू मात्र त्याच दारात परतत नाही, पुढच्या गावांकडे निघतो. कुठे जायचं हे त्या सकाळी गर्दीने ठरवलं नव्हतं.

त्याच शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू 12 शिष्यांची निवड करतो. तिथे निवडीचे दोन हेतू सांगितले आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला, त्यांनी त्याच्यासोबत राहावं. दुसरा, त्याने त्यांना पाठवावं. सोबत राहणं आधी आणि पाठवणं नंतर, हे सूत्र पुढच्या जवळपास प्रत्येक ख्रिस्ती परंपरेने उचललं.

मार्था आणि मरिया या दोन बहिणींची गोष्टही इथे नेहमी सांगितली जाते. येशू घरी येतो. मार्था स्वयंपाकपाण्यात गुंतते, तर मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. मार्थाला राग येतो आणि ती येशूकडेच तक्रार करते. येशू तिच्या कामाला नावं ठेवत नाही. तिच्या मनातली दगदग आणि बहिणीवरची चिडचिड तो तिला दाखवतो. घरच्या लग्नात सगळ्यांसाठी राबून शेवटी सगळ्यांवरच वैतागलेली एखादी मावशी किंवा आत्या डोळ्यांसमोर आणली की मार्था लगेच कळते.

योहानच्या शुभवर्तमानात द्राक्षवेलीचा दृष्टांत आहे. फांदी वेलीला जोडलेली असेल तरच तिला फळ येतं. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर याहून कठोर विचार आहे. माणसाने आपलं सगळं दान केलं आणि त्याच्यात प्रीती नसली, तर त्याचा त्याला काही उपयोग नाही, असं पौल म्हणतो. म्हणजे बाहेरून सेवा दिसते आणि आत काहीच नसतं, असं होऊ शकतं. बायबल ही शक्यता गृहीत धरतं.

'वैयक्तिक नातं' म्हणजे नेमकं काय?

देवाविषयी माहिती असणं वेगळं आणि देव ओळखीचा असणं वेगळं. एखाद्याला बायबलचे अध्याय तोंडपाठ असतील, चर्चच्या प्रत्येक कार्यक्रमात तो पुढे असेल, तरी एकटा असताना देवाशी बोलायला त्याच्याकडे काही नसेल. ख्रिस्ती शिकवणुकीत नातं म्हणजे आपलं खरं रूप लपवता येणार नाही अशा कुणासमोर रोज उभं राहणं. त्यात बोलणं असतं आणि ऐकणंही. रुसवा, शंका आणि माफी मागणं हेसुद्धा त्याचाच भाग असतं.

हा शब्दप्रयोग प्रोटेस्टंट, विशेषतः इव्हँजेलिकल मंडळींमध्ये जास्त ऐकू येतो. रोज बायबल वाचून प्रार्थनेत घालवलेल्या वेळेला तिथे 'शांत वेळ' म्हणतात. कॅथलिकांकडे हेच नातं मिस्सा, पवित्र साक्रामेंत, रोझरी आणि मूक आराधना यांतून जोपासलं जातं. पोप फ्रान्सिस यांनीही 2013 मधल्या आपल्या पहिल्या मोठ्या आवाहनपत्राच्या सुरुवातीलाच प्रत्येक ख्रिस्ती माणसाला येशूशी वैयक्तिक भेट नव्याने घडू देण्याचं आमंत्रण दिलं होतं. पंथ वेगळे असले तरी मुद्दा एकच आहे.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. तुकोबांचा भंडाऱ्याच्या डोंगरावरचा एकांत आपल्या ओळखीचा आहे. कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं असं ते मानत. ख्रिस्ती मंडळींत अभंग आणि कीर्तन रुजवण्यासाठी ते झटले. 1917 मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. परदेशी पैशाच्या आणि पदाच्या आधारापेक्षा भक्तीच्या आधारावर काम उभं राहावं, ही त्यामागची ओढ होती.

पालघर जिल्ह्यातला संत: गोन्सालो गार्सिया

या विषयाचं एक ठळक उदाहरण आजच्या पालघर जिल्ह्यातच आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वसईपासून तलासरीपर्यंत पसरला आहे. इथल्या किनारपट्टीवर एकेकाळी पोर्तुगीजांची सत्ता होती. वसई, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही सगळी त्यांचीच ठाणी होती. 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तारापूर आणि वसईचे किल्ले मराठ्यांकडे आले.

त्याच्या पावणेदोनशे वर्षांहून अधिक आधी, 1556 च्या सुमारास वसईत गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या जेझुइट फादरांकडे तो शिकला आणि साधारण 15 व्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने उत्तम आत्मसात केली. सुमारे आठ वर्षं तो फादरांचा मदतनीस होता आणि लोकांना धर्मशिक्षण देत होता. जेझुइट संघात जावं अशी त्याची इच्छा होती, पण ती पुरी झाली नाही, असं सांगितलं जातं.

मग तो व्यापारात उतरला आणि त्यात त्याचा चांगला जमही बसला. पुढे मनिला इथे त्याची फ्रान्सिस्कन संघाशी गाठ पडली. धंदा सोडून तो त्या संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. ब्रदर म्हणजे धर्मगुरुपद नसलेला, संघातली साधी कामं करणारा व्रतस्थ.

या संघात कुणालाही थेट कामावर पाठवत नसत. 1220 मध्ये पोप होनोरियस तिसरे यांनी फ्रान्सिस्कनांसाठी वर्षभराची उमेदवारी सक्तीची केली होती. कारखान्यात नवा मुलगा आधी अप्रेंटिस म्हणून राहतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे शिकायचं असतं ते प्रार्थना करणं, गरिबीत राहणं आणि स्वतःची मर्जी बाजूला ठेवणं. जपानी बोलणारा, तिथल्या चालीरीती जाणणारा गोन्सालो त्यांच्या फार उपयोगाचा माणूस होता. तरीही संघाचा मार्ग सगळ्यांना एकच होता.

1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानला गेला. क्योटोमध्ये या फ्रान्सिस्कनांनी चर्च उभारलं, दवाखाने उघडले आणि कुष्ठरोग्यांची सेवा केली. देश तोच होता आणि भाषाही तीच. पण गोन्सालोकडे आता पैसा नव्हता, दुकान नव्हतं, मोठं पदही नव्हतं. व्यापारी म्हणून ज्या देशात त्याने नफा कमावला, तिथे तो आता कुणाकडून काहीच मिळवणार नव्हता.

डिसेंबर 1596 मध्ये जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्या हुकमाने त्याला आणि त्याच्या सोबत्यांना पकडण्यात आलं. भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेलं गेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रुसावर चढवण्यात आलं. त्यांत 6 फ्रान्सिस्कन, 3 जेझुइट आणि 17 जपानी ख्रिस्ती श्रावक होते. 8 जून 1862 रोजी पोप पायस नववे यांनी या सर्वांना संत जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून गोन्सालोचं नाव घेतलं जातं. वसईजवळच्या गासमधलं चर्च त्याच्याच नावाचं आहे.

गोन्सालोकडे कौशल्य पहिल्यापासून होतं. दुसऱ्यांदा जपानला जाण्याआधी त्याच्या आयुष्यात नवं काय आलं असेल, तर ते व्रत, प्रार्थना आणि देवाला दिलेला शब्द. संकट आल्यावर तो टिकला तो याच आधारावर, असं ख्रिस्ती परंपरा मानते.

सेवा आधी सुरू झाली तर? रमाबाईंचा अनुभव

मग नातं पूर्ण पक्कं होईपर्यंत हात बांधून बसायचं का? पंडिता रमाबाईंचं आयुष्य याचं वेगळं उत्तर देतं.

रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. काम जोरात सुरू होतं. पण पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक प्रांजळ कबुली दिली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असा तिचा आशय आहे. धर्माचे सिद्धांत त्यांना पटले होते. शोध ज्याचा होता, त्याची ओळख मात्र 1891 च्या सुमारास झाली, असं त्या सांगतात.

म्हणजे सदन चालू असतानाच त्यांचं आतलं नातं पक्कं झालं. त्यासाठी त्यांनी मुलींना घरी पाठवलं नाही. पण नंतरच्या कामाचा आवाका पाहिला तर ही ओळख किती गरजेची होती ते कळतं. 1893 मध्ये शारदा सदनात धर्मांतराच्या वादावरून मोठं वादळ उठलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया वाचवून आणल्या. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं आणि 1900 पर्यंत तिथे सुमारे दीड हजार जण राहत होते.

एवढ्या गर्दीतही 1905 मध्ये रमाबाईंनी केडगावात रोज एकत्र येऊन प्रार्थना करणारे गट सुरू केले. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा हे काम हातावेगळं झालेलं होतं.

गोन्सालो आणि रमाबाई एकत्र पाहिले की 'आधी' या शब्दाचा अर्थ उलगडतो. हा क्रम कॅलेंडरवरचा नसून उगमाचा आहे. नातं परिपूर्ण झालं की मग सेवा सुरू, असं कुणाच्याच बाबतीत घडत नाही. सेवा चालू असतानाही तिचं पाणी कुठून येतंय हे विचारत राहायचं, एवढाच या शिकवणुकीचा आग्रह आहे.

चर्चने याचे नियम केले

चर्चने ही गोष्ट माणसाच्या मर्जीवर सोडली नाही. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार व्रतस्थ होऊ पाहणाऱ्याला, म्हणजे भावी सिस्टर किंवा ब्रदरला, किमान 12 महिने नोव्हिशिएटमध्ये काढावे लागतात. या काळात घडणीशी थेट संबंध नसलेला अभ्यास किंवा जबाबदारी त्यांच्यावर टाकायची नाही, असाही नियम आहे. बाहेर शाळेला शिक्षिका हवी असेल, दवाखान्यात नर्स कमी असेल, तरी ही माणसं लगेच तिकडे धाडायची नाहीत. धर्मगुरूची दीक्षा घेण्याआधीही किमान पाच दिवसांचं मौन-चिंतन सक्तीचं आहे.

जेझुइट संघात 30 दिवसांची 'आध्यात्मिक साधना' असते. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी ती आखली. पायाला तोफगोळा लागून सैन्यातलं आयुष्य संपल्यावर 1522-23 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी त्यांनी कित्येक महिने एकांतात काढले होते. 1542 मध्ये गोव्यात उतरलेले आणि पुढे वसईलाही येऊन गेलेले फ्रान्सिस झेवियर यांनी ही साधना 1534 मध्येच पॅरिसला पूर्ण केली होती.

मदर तेरेसांचं उदाहरण सगळ्यात जवळचं. 1950 मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटी सुरू होण्याआधी त्या जवळपास दोन दशकं लोरेटो सिस्टर म्हणून प्रार्थनेच्या शिस्तीत राहिल्या होत्या. काम वाढत गेलं तेव्हा प्रार्थनेची वेळ कमी करण्याऐवजी 1973 पासून त्यांच्या संघाने रोज एक तासाची आराधना वाढवली.

नातं नसेल तर काय बिघडतं?

पहिली गोष्ट म्हणजे थकवा. शरीराचा थकवा झोपेने जातो. मनाचा थकवा वेगळा. आपण एवढं केलं आणि कुणी साधं विचारलंही नाही, हे वाक्य मनात घोळू लागलं की सेवा करणारा आतून आटायला लागतो.

दुसरी गोष्ट श्रेयाची. आज वही-पेन वाटतानाही आधी फोटो निघतो. गाडीतून पाच किलो तांदूळ उतरतात आणि त्यामागे दहा जण उभे राहतात. स्टेटसला किती जणांनी पाहिलं हे मोजण्यात संध्याकाळ जाते. डाव्या हाताला कळू न देता दान करावं, या येशूच्या शिकवणुकीला मोबाइलच्या काळात नवी धार आली आहे. एकांतातली प्रार्थना कुणालाच दिसत नाही. श्रेयाची सवय मोडायला ती उपयोगी पडते, ती म्हणूनच.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे, आणि पालघरसारख्या जिल्ह्यात तिच्यावर बोलणं भाग आहे. इथे वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी अशा आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. ख्रिस्ती सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, असा संशय इथे अनेकदा व्यक्त होतो. राज्यघटनेच्या कलम 25 ने धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, पण जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष दाखवून केलेलं धर्मांतर त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच स्पष्ट केलं आहे.

कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी सेवेआधी नातं या शिकवणुकीची स्वतःची एक कसोटी इथे लागते. औषध देताना समोरच्याचं नाव आपल्या वहीत यावं असा हिशेब मनात असेल, तर तो आजारी माणूस साधन झाला. देवाकडून आपल्याला काहीही न मोजता मिळालं आहे, असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला दुसऱ्याला देताना मोजण्याची गरज वाटत नाही. बरा झालेला माणूस पुन्हा कधी चर्चकडे फिरकला नाही, तरी ज्याचा चेहरा पडत नाही, त्याची सेवा या कसोटीला उतरली.

मग ही पळवाट नाही का?

हा आक्षेप जोरदार आहे आणि तो टाळता येत नाही. 1992-93 मध्ये जव्हार-मोखाड्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने झालेले बालमृत्यू देशभर गाजले होते. अशा वेळी कुणी म्हटलं की आधी मी देवाशी नातं घट्ट करतो, मग येतो, तर ते ऐकून संताप येईल. यायलाच हवा.

बायबललाही हा संताप मान्य आहे. भाऊ-बहीण उघडे-उपाशी असताना त्यांना नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवणाऱ्या श्रद्धेला याकोबाचं पत्र मेलेली श्रद्धा ठरवतं. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा देणं, असं सांगितलं आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचा निकष भुकेला, तहानलेला, आजारी आणि तुरुंगातला माणूस आहे.

लूकच्या दहाव्या अध्यायात तर एक बोलकी गोष्ट दिसते. मार्था आणि मरियेच्या अगदी आधी चांगल्या शोमरोनी माणसाचा दृष्टांत येतो. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेल्या अवस्थेत टाकलेल्या प्रवाशाला पाहून मंदिरातला याजक आणि सेवक बाजूने निघून जातात. परका मानला गेलेला शोमरोनी मात्र थांबतो. एका गोष्टीत देवाचं नाव घेणारे माणसाला विसरतात, तर दुसरीत माणसांसाठी राबणारी समोर बसलेल्या पाहुण्याला विसरते. लूकने दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. एकच वाचली तर दुसरीची चूक हमखास होते.

आणखी एक गैरसमज आहे. नातं घट्ट असेल तर मनाला सतत शांत आणि प्रसन्न वाटलं पाहिजे, असं अनेकांना वाटतं. 2007 मध्ये मदर तेरेसांची खाजगी पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला धक्का बसला. अनेक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. तरी त्या रोज प्रार्थनेला बसत राहिल्या आणि रोज रस्त्यावर जात राहिल्या. संसारात रोज प्रेमाचं भरतं येत नाही, पण माणूस रोज घरी परततो. देवाशी नात्यातही हे परतणंच महत्त्वाचं ठरतं.

इथे सुरुवातीच्या टाकीच्या उदाहरणाची मर्यादाही लक्षात येते. श्वसनयंत्र कामापुरतं चढवायचं आणि काम झालं की खुंटीला अडकवायचं. देवाशी नातं असं वापरता येत नाही. जास्त काम करता यावं म्हणून केलेली प्रार्थना हा पुन्हा वापरच झाला. ख्रिस्ती शिकवणुकीनुसार देवाजवळ बसणं हे स्वतःच मोलाचं आहे. सेवा त्यातून उमटते.

शिफ्ट सांभाळून हे कसं जमवायचं?

मठातल्या माणसाला वेळ असतो. पण आठवड्याला शिफ्ट बदलणारा बोईसरचा कामगार, डहाणू लोकल पकडणारी पालघरची नर्स किंवा दोन घरची कामं करून मुलांचा अभ्यास घेणारी आई, यांनी काय करायचं? ख्रिस्ती परंपरेत त्यांच्यासाठीही काही जुन्या, साध्या वाटा आहेत.

दिवसाचा आढावा: ही इग्नेशियस यांनी शिकवलेली पद्धत. झोपण्याआधी दहा मिनिटं पुरतात. आज काय चांगलं मिळालं याबद्दल आभार मानायचे. दिवस देवासमोर सावकाश पाहायचा. कुणावर चिडलो, कुणाला टाळलं, कुठे मन भरून आलं ते आठवायचं. चुकलं त्याची माफी मागायची आणि उद्यासाठी मदत मागायची. रात्रपाळी असेल तर हेच सकाळी घरी आल्यावर.

थोडं आणि सावकाश वाचणं: शुभवर्तमानातला एक छोटा प्रसंग घ्यायचा. दोन-तीनदा वाचायचा, एखादा शब्द मनाला भिडला तर तिथेच थांबायचं. मठांमध्ये शतकानुशतकं असंच वाचन होत आलं आहे. अध्याय संपवण्याची घाई इथे उपयोगाची नाही.

हातातल्या कामातली प्रार्थना: 17 व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक ब्रदर स्वयंपाकघर सांभाळत. भांड्यांच्या खणखणाटातही देवाच्या सोबतीचं भान ठेवता येतं, हा त्यांचा अनुभव पुढे जगभर वाचला गेला. मशीनपाशी, गाडीत, चुलीपुढे हेच करता येतं.

सेवेच्या आधी एक प्रश्न: कुठल्याही मदतकार्याला निघताना स्वतःला विचारायचं, 'हे कुणालाच कळलं नाही तरी मी करेन का?' उत्तर 'नाही' आलं तरी मदत थांबवायची नाही. पण ते उत्तर रात्री प्रार्थनेत देवासमोर ठेवायचं.

नाही म्हणायची मुभा: कफर्णहूमच्या त्या सकाळी येशूही प्रत्येक दारात गेला नाही. सगळ्यांची सगळी दुःखं आपल्याच खांद्यावर आहेत असं मानणारा सेवक नकळत देवाच्या जागी जाऊन बसतो. रविवारची उपासना आणि विसावा यांमुळे त्याला पुन्हा आपल्या जागी यायला मदत होते.

थोडक्यात सांगायचं तर

सेवा कमी करा, असं ही शिकवण सांगत नाही. सेवा टिकावी, स्वच्छ राहावी आणि जिच्यासाठी आहे त्या माणसाचा मान राखणारी असावी, म्हणून ती मुळाकडे बोट दाखवते. हे मूळ ख्रिस्ती माणूस देवाशी असलेल्या नात्यात शोधतो. ज्याची श्रद्धा वेगळी आहे किंवा नाहीच, त्यालाही यातला प्रश्न आपलासा वाटू शकतो: मी दुसऱ्याला जे देतोय, ते माझ्याकडे येतं कुठून?

टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला दोन गोष्टी एकाच वेळी माहीत असाव्या लागतात. आत कुणीतरी वाट पाहतंय, म्हणून उशीर चालणार नाही. आणि स्वतःची हवा बरोबर नेली नाही, तर आतल्या माणसाच्या हाती काहीच लागणार नाही.